स्टँडबाय: घरी बसलेला माणूस कामावर असतो का?

खिडकीशेजारी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे उजवीकडच्या खुर्चीत बसणारा. विमान एअरबस ३२०, बेस मुंबई, राहायला कांदिवली. आमच्या रोस्टरमध्ये फ्लाइट असतात, सुट्ट्या असतात आणि तिसरा एक प्रकार असतो तो स्टँडबाय. त्या दिवशी तुमच्या नावावर एकही फ्लाइट नसते. पण दिलेल्या वेळात फोन आला की निघायचं. कोणी आजारी पडलं, कोणाची ड्युटीची मुदत भरली, पावसामुळे विमान भलतीकडे उतरवलं, की फोन. आमच्याकडे फोन आल्यापासून दीड तासात विमानतळावर हजर व्हावं लागतं. कंपनीची गाडी येते, पण नोंदवलेल्या पत्त्यावरच.

यावरून घरात रोज खटके. "घरीच आहेस ना, मग गॅसवाला येईल तेवढं बघ" इथपर्यंत ठीक होतं. आता "घरीच आहेस ना, मग मावशीला बोरिवलीला सोडून ये" इथवर आलंय. समोरचे काका तर लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, "मजा आहे बुवा, घरबसल्या पगार!"

तर प्रश्न असा. पुढच्या रविवारी आत्तेबहिणीचा साखरपुडा आहे. ठाण्यात, नौपाड्याला, सकाळी ११ वाजता. माझा स्टँडबाय ६ ते २. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. अदलाबदलीला कोणी तयार नाही. आत्या म्हणते, "फोन आला तर जा, नाही आला तर जेव. त्यात एवढं काय?" तुम्ही काय केलं असतं?

चहाटळ
पहिला! आता वाचतो.

चहाटळ
वाचलं. काकांशी सहमत. (हलकेच घ्या.)

निंबोणी
जा की! गणवेश गाडीत ठेवा. रविवार आहे, ठाण्याहून विमानतळ किती लांब?

खवचट_काका
निंबोणी, तुम्ही ठाण्यात राहत नाही हे कळलं.

भुसावळचा_बाबू
धागा आवडला. विमानाशी माझा संबंध खिडकीची सीट मागण्यापुरता, पण स्टँडबाय मी लहानपणी पाहिलाय. वडील रेल्वेत ड्रायव्हर. (आता लोको पायलट म्हणतात, तेव्हा मीही पायलटचाच मुलगा.) मालगाडीला वेळापत्रक नसतं. विश्रांती संपली की नाव यादीत वर सरकत राहायचं आणि गाडी तयार झाली की कॉलबॉय यायचा. नाव कॉलबॉय, वय पन्नाशीचं. सायकलवर, काखेत कॉल बुक, हातात बॅटरी. रात्री दोन वाजता खिडकीखाली उभा राहून वडिलांच्या नावानं अशी हाक मारायचा की सगळी चाळ जागी. वडील डोळे चोळत वेळ टाकून सही करायचे. सही केली की तुम्ही बांधलात. दोन तासांत शेडला हजर.

आई उठायची आणि स्टोव्ह पेटवायची. भाकरी, ठेचा, कोरडं पिठलं. लाइन बॉक्स, म्हणजे ड्रायव्हरची सामानाची पेटी, दाराशी तयारच असायचा. आम्ही पोरं कूस बदलून झोपायचो. वडील रात्री घरी असले तरी घरी नसायचे हे मला फार उशिरा कळलं. बनियनवर आरामात बसलेला माणूस, पण रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान वळायची.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: असतो. कामावरच असतो.

खिडकीशेजारी
बाबू, क्या बात. आमच्या कॉलबॉयची फक्त सायकल गेली, बाकी तसंच आहे. मी अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेतो. डोक्याला शाम्पू लावला की हमखास वाजतो. बहुतेक वेळा क्रेडिट कार्डवाले असतात.

डॉ_भूल
मी भूलतज्ज्ञ. आम्हीही ऑन-कॉल असतो. थिएटरात नेहमी कडेची खुर्ची, हॉटेलात पदार्थ आले की लगेच बिल मागवायचं, नवऱ्याच्या गाडीमागे माझी गाडी. पण मला तुमची फारशी दया येत नाही, माफ करा. तुम्हाला निदान तासांची मर्यादा आहे. मी रात्री २ ला सिझेरियनला भूल देऊन पहाटे ५ ला घरी येते आणि ८ ला नेहमीची यादी सुरू. रेसिडेंट असताना सलग ३६ तास काढलेत. तेव्हा "आता तुमची मुदत संपली, घरी जा" असं सांगणारा नियम कुठे होता?

खिडकीशेजारी
डॉक्टर, मान्य. आम्हाला नियम आहेत. ७ दिवसांत ३५ तास उड्डाण, वर्षात १००० तास, त्यापुढे नाही. घरचा स्टँडबाय जास्तीत जास्त १२ तास, विमानतळावरचा ८. विमानतळावर बसवून ठेवलं तर तो सगळा वेळ ड्युटीत धरतात. घरच्या वेळातला थोडाच भाग मोजतात, आणि गोम इथेच आहे.

समजा स्टँडबाय पहाटे ४ ला सुरू होतो. आदल्या रात्री ८ ला झोपायचं ठरवतो. झोप येत नाही. खाली ढोलपथकाचा सराव असतो, नाहीतर मुलाला वाघाचं चित्र आत्ताच काढून हवं असतं. ११ ला कसाबसा डोळा लागतो. साडेतीनला उठून दाढी. ४ वाजतात, ६ वाजतात, फोन नाही. परत झोपावं का? उशीखाली फोन ठेवून झोपणं म्हणजे उकळीला आलेलं दूध गॅसवर ठेवून झोपणं. ११ ला वाटतं, आज सुटलो. १ ला फोन: ३ ला कोलकाता, आणि परत. घरी यायला रात्रीचे ११. हिशोबाच्या वहीत मी दुपारी ताजातवाना निघालेला माणूस, आणि अंगात पहाटे साडेतीनपासूनचं जागरण.

विमान चालवण्याने मी दमत नाही. आज चालवायचंय की नाही हे माहीत नसण्याने दमतो.

पॉपकॉर्नवाला
काकांना हा प्रतिसाद छापून लिफ्टमध्ये लावा.

रोस्टरवाली
राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी टेबलाच्या पलीकडची. एका कंपनीत (नाव सांगणार नाही) क्रू कंट्रोलला, म्हणजे वैमानिकांना ड्युट्या लावणाऱ्या विभागात आहे. रात्री ३ ला फोन करणारी 'ती बाई' मीच.

सगळे म्हणतात झोपमोड केली. अहो, मी ३ ला फोन करते म्हणजे मी ३ ला जागीच असते ना? पहिल्या रिंगला उचलतात ते नवे. चौथ्या रिंगला उचलतात ते जुने. घसा आधीच बसलेला असतो ते आजारी पडायच्या बेतात असतात, हे हॅलोवरून कळतं. एकदा एकांनी "बोला" म्हटलं आणि मागून सनईचा आवाज. मी म्हटलं, सर, सिनेमा आहे का? म्हणाले, "हो हो, सिनेमा." अंतरपाटाशी उभे होते, मुलीचे मामा म्हणून. आले मात्र वेळेत. कपाळावर अक्षतेचा दाणा तसाच होता म्हणे.

आमचंही ऐका. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम. जुलैत एक जोरदार सर आली की वर विमानं घिरट्या घालतात, मग कोणी अहमदाबादला, कोणी हैदराबादला. तिथे ती थांबली की आतल्या वैमानिकांची मुदत संपत येते. प्रवासी मला शिव्या देतात की विमान आहे, पायलट समोर बसलाय, मग उडत का नाही? कारण तो आता उडाला तर बेकायदा. मग मी यादी उघडते. स्टँडबायवर नावं सहा आणि भोकं नऊ. त्या क्षणी खिडकीशेजारी साखरपुड्यात आहेत की झोपलेत याने मला फरक पडत नाही. दीड तासात दिसले पाहिजेत. नाही दिसले तर माझ्या हातात काही राहत नाही, नोंद होते.

सातबारा
मग डिसेंबर २०२५ मध्ये देशभर विमानं रद्द झाली ती याच भानगडीमुळे का? माझा भाचा दिल्लीला दोन दिवस विमानतळावर पडून होता.

खिडकीशेजारी
त्या विषयावर मी मौन. नोकरी प्यारी आहे.

रोस्टरवाली
मीही.

आकडेमोड
मग मी सांगतो, मला नोकरी नाही. (निवृत्त.) नियामकाने (डीजीसीए) ड्युटीचे नियम कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आणली. 'रात्र' आधी पहाटे ५ ला संपायची, ती ६ पर्यंत लांबवली. नियम जाहीर जानेवारी २०२४ मध्ये, लागू टप्प्याटप्प्याने जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये. तयारीला वेळ भरपूर होता. पण तेवढ्याच वैमानिकांत तेवढीच विमानं उडवायची ठरवलं की पहिला बळी राखीव माणसांचा. स्टँडबायवाले रोजच्या फ्लाइटला जुंपले की अडीअडचणीला कोणी उरत नाही. एक विमान लेट झालं की पुढची दहा.

काही न करता बसलेला माणूस हिशोबनिसाला नेहमी फुकट पोसल्यासारखा दिसतो. अग्निशमन दलातही दिसतो, आग लागेपर्यंत.

चहाटळ
आमच्या ऑफिसात असे बरेच राखीव आहेत. आग लागली तरी उठत नाहीत.

जर्सीची_सून
इथून लिहिते, न्यू जर्सीहून. नवरा रीजनल एअरलाइनमध्ये आहे. इकडे याला रिझर्व्ह म्हणतात आणि ते सगळं ज्येष्ठतेवर चालतं. वरचे लोक आपापली लाइन (महिन्याच्या ठरलेल्या फ्लाइट) निवडतात, खालचे वर्षानुवर्षे रिझर्व्हवर. शॉर्ट कॉल म्हणजे दोन-एक तासांत हजर व्हा, लाँग कॉल म्हणजे दहा-बारा तास आधी सांगतात. लाँग कॉल मिळाला की घरात सण.

त्यात इथे लोक राहतात एका शहरात आणि बेस दुसऱ्याच. आमचा आधी बेस न्यूयॉर्क आणि घर डेट्रॉइटला होतं. आदल्या दिवशी कुठल्यातरी विमानाच्या जंपसीटवर (कर्मचाऱ्यांसाठीची जादा खुर्ची) बसून जायचं आणि क्रॅशपॅडमध्ये पडायचं. क्रॅशपॅड म्हणजे बंक बेडची खोली, आठ-दहा जण, भाडं वाटून. न्यूयॉर्कला क्यू गार्डन्स नावाचा भाग आहे, तिथे इतके वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या राहतात की लोक त्याला क्रू गार्डन्सच म्हणतात. सहा दिवस तिथे बसून एकही फोन न येता घरी परतलाय असंही झालंय. मी विचारलं, काय केलंस सहा दिवस? म्हणाला, "तयार होतो."

२००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअर या कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यातली को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांत बसून नेवार्कला आली होती. थकव्यामुळे झालेला तो अपघात. त्यानंतर इथले नियम बदलले.

आकडेमोड
जर्सीची सून, एक दुरुस्ती. चौकशी अहवालात मुख्य कारण वेगळं आहे. विमान स्टॉल होण्याचा (पंखांची उचल जाण्याचा) इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली घेण्याऐवजी वर ओढलं. दोघे थकलेले असावेत असं म्हटलंय, पण त्याचा वाटा किती ते ठरवता आलं नाही असंही म्हटलंय. नियम बदलले हे मात्र खरं, २०१४ पासून लागू झाले. को-पायलटलाही १५०० तासांची अट त्याच अपघातानंतर आली.

सातबारा
१५००? आणि आपल्याकडे?

खिडकीशेजारी
लायसन्सला २०० तास. पण त्यानंतर टाइप रेटिंग (त्या-त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण), सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबर प्रवासी घेऊन अनेक फेऱ्या. २०० तासांवर कोणी एकट्याच्या हातात एअरबस देत नाही.

सातबारा
तरीपण २०० म्हणजे...

संपादक_मंडळ
कृपया मूळ विषयाला धरून लिहावे. तासांवर वेगळा धागा काढावा.

सातबारा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उतरलेला_कप्तान
मुलाने लिंक पाठवली. मी ६५ ला उतरलो, त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी स्टँडबाय म्हणजे काळा डबडा फोन आणि त्याच्या शेजारची खुर्ची. मोबाइल, पेजर काही नाही. बाल्कनीपर्यंतसुद्धा जायची चोरी. तेव्हा फोनला नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट बघायचे. पार्ल्याच्या आमच्या बिल्डिंगीत फोन एकच, माझ्याकडे. साहजिकच अख्ख्या बिल्डिंगीचा पीपी नंबर (शेजाऱ्याला बोलावून देण्याचा) तोच. दुसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांच्या मुलीची सगळी स्थळं माझ्या फोनवर आली.

स्टँडबायच्या दिवशी बायको दारावर पाटी लावायची: 'आज फोन बंद नाही, पण बोलू नये.' तरी एकदा जोशीकाकू आल्याच. इंदूरहून मुलाकडच्यांचा फोन येणार होता. ट्रंक कॉल आला आणि पंधरा मिनिटं चालला. तेवढ्यात ऑफिसने तीनदा लावला, एंगेज. शेवटी त्यांनी ड्रायव्हरच पाठवला. माझ्यावर मेमो. जोश्यांच्या मुलीचं जमलं. लग्नात मला आहेर केला त्यांनी, सफारीचं कापड.

आता मुद्द्याचं. सारखं पळायला लागतं हे कोणालाही दिसतं, न पळण्याचा त्रास कोणी बोलत नाही. स्टँडबायवर फार राहिलं की हात सुटतो. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली पाहिजेत, नाहीतर परत सिम्युलेटरला. एका वर्षी आजारपण, रजा आणि स्टँडबाय असं लागोपाठ आलं आणि मीही गेलो सिम्युलेटरला. तिथला परीक्षक माझाच विद्यार्थी. "सर, बऱ्याच दिवसांनी?" म्हणाला. त्या दिवसापासून स्टँडबायला आराम म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

तुम्ही साखरपुड्याला जाऊ नका.

निंबोणी
कप्तानसाहेब, 'आज फोन बंद नाही, पण बोलू नये' ही पाटी मी उद्या माझ्याच दारावर लावणार.

गोड_शेव
बाकी ठीक, पण जेवणाखाण्याचं काय? स्टँडबायला पथ्य असतं का?

खिडकीशेजारी
दारू १२ तास आधीपासून बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. फुंकणी चाचणीत पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने घरी, तेही विनास्टँडबाय. पण माउथवॉशही चालत नाही, हे ऐकून आईला हसू आवरेना. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब, सगळं बाद. त्यामुळे मला शिंक आली की घरात आलं-गवती चहाच.

आणि बॅग. फ्लाइट माहीत नसते म्हणजे शहर माहीत नसतं. जानेवारीत एकाच बॅगेत श्रीनगरचा स्वेटर आणि कोचीचा टी-शर्ट. बायको म्हणते, "माझ्या माहेरी जाताना इतकी तयारी केली नाहीस कधी."

डॉ_भूल
बरं, थोडी दया आली.

खवचट_काका
माझं मत विचारलं नाहीये, तरी देतो. आत्याला राग येऊ द्या. आत्यांचा राग श्रीखंड संपेपर्यंतच टिकतो. कंपनीचा राग सर्व्हिस फाइलमध्ये राहतो.

रोस्टरवाली
हे उतरवून ठेवा.

भुसावळचा_बाबू
मी उलट सांगतो. वडिलांनी माझी मुंज चुकवली. कटनीला अडकले होते. निवृत्त झाल्यावर मालगाड्यांचे नंबर पाठ होते त्यांना, कोणती कुठे कितीला पोचवली ते सगळं. मुंजीचा फोटो मात्र दर वेळी नव्याने बघायचे. जमत असेल तर जा बुवा. विमानतळाच्या बाजूने जा, पंगतीत दाराजवळ बसा, पण जा.

पॉपकॉर्नवाला
धाग्याचे दोन तट पडले आहेत. रविवारी काय होतं ते कळवा, नाहीतर हा धागाच स्टँडबायवर राहील.

*(पाच दिवसांनी)*

खिडकीशेजारी
कळवतो.

गेलो. आधी आमच्या चीफ पायलटना विचारलं. ते म्हणाले, "कुठे आहेस ते मला सांगू नकोस, दीड तासात कुठे असशील ते सांग." शनिवारी रात्रीच सासुरवाडीला, पवईला, मुक्काम हलवला. क्रू कंट्रोलला फोन करून तिथला पत्ता त्या दिवसापुरता बदलून घेतला. (हे करता येतं, मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं! रोस्टरवाली, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर?) गणवेश अंगावर, वरून मेहुण्याचा झब्बा. हॉलच्या दारातच गाडी, तोंड बाहेरच्या बाजूला.

११:२० ला फोन वाजला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला, आत्याने तर अंगठीचं तबक खाली ठेवलं. बोरिवलीची मावशी होती. हॉलच्या खाली रिक्षात बसून विचारत होती, कितवा मजला?

खरा फोन आलाच नाही. मी काही पंगतीत बसलो नाही, उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि साडेबाराला निघून पवईत येऊन बसलो. २ वाजेपर्यंत फोनकडे बघत होतो. २ वाजून ४ मिनिटांनी वाजला. उद्याच्या फ्लाइटची वेळ बदलली होती.

रोस्टरवाली
पत्ता बदलता येतो हे विचारायचं असतं. आम्ही झोपेतून उठवून सांगत नाही.

उतरलेला_कप्तान
ठीक केलंत. पण झब्ब्याखाली गणवेश घालू नये, खांद्याच्या पट्ट्या चुरगळतात.

गोड_शेव
श्रीखंड होतं का?

अबोली_गजरा
मी खिडकीशेजारींची बायको. आजच खातं काढलं, फक्त एवढ्यासाठी. 'उभ्या उभ्या दोन घास' हे धादांत खोटं आहे. पहिल्या पंगतीला बसला होता, दाराजवळच्या पाटावर. श्रीखंड तीनदा घेतलं. फोटो आहे.